मसर्रतच्या दुधावरचा आळ

"बायकोला पोलिसांत देऊ का नको, तेवढं सांगा," तनवीर राथर दारातच म्हणाला.

हाजरा द्राबूंनी त्याला बसवलं. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या श्रीनगरात खासगी तपास करत. त्यांचा जुना शिपाई अहद भट आता त्यांची गाडी चालवी.

तनवीरचं तीन महिन्यांचं बाळ, मुनीब, इस्पितळात निपचित पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी थोरली मुलगी अशीच गेली होती. दोन्ही बाळं फक्त आईच्या दुधावर.

"माझी आई, मौजी, म्हणते, मसर्रतच पोरांना काहीतरी पाजते. भावाचा मुलगा त्याच घरात टुणटुणीत आहे ना!"

इस्पितळात बाळ रडत होतं, पण आवाज फुटत नव्हता. नातवंडं वाढवलेला अहद खाटेवर वाकून ऐकू लागला.

"माझं दूध तपासा, मला तुरुंगात टाका," मसर्रत म्हणाली. "पण आधी ह्याला वाचवा, आपा." उठताना तिचा तोल गेला. "पाय बधिर झालेत. चप्पल निसटली तरी कळत नाही. दोन्ही बाळंतपणांनंतर असंच झालं. मध्ये बरी होते."

"सोंग!" तिची सासू फाता कडाडली. "दोन्ही बाळंतपणांत राणीसारखी ठेवलीय हिला. सहा पाण्यांनी धुतलेला पांढराशुभ्र भात, तोही पेज काढून. वर सोडा घालून उकळलेला मीठचहा. पालेभाजी, डाळ, अंडं, बाधेल असं काही शिवू दिलं नाही. आम्ही बाकीचे सगळं खात होतो, हिचं मात्र मी वेगळं काढत होते."

जाऊ नुझत शाळेत शिकवायची. "माझ्यावर संशय? मी तिच्या बाळाला हातही लावत नाही. शाळेमुळे माझं पोर डब्याच्या दुधावर वाढलं. तेव्हा मौजीने मला कमी टोमणे मारले का?"

डॉक्टर क्रालूंनी बाळाच्या मेंदूचा एमआरआय उजेडासमोर धरला. "खोलवर, दोन्ही बाजूंना अगदी सारखे पांढरे डाग. मार लागला तर असं दिसत नाही. विष, जन्मजात दोष, नाहीतर शरीराला काहीतरी कमी पडणं. विषाची तपासणी कोरी आली. आईच्या दुधावरच्या बाळाला काही कमी पडत नाही. म्हणजे जन्मजात दोषच. त्याला इलाज नाही."

"मग संपलंच की, आपा," अहद पुटपुटला.

"नाही. सगळ्यांना आत बोलव."

राथरांचं घर बाळाच्या खाटेभोवती उभं राहिलं.

"विष नाही, हे तपासणीनेच सांगितलं," हाजरा म्हणाल्या. "जन्मजात दोष असता, तर आईचे पाय बाळंतपणानंतरच का बधिर झाले असते? आणि मध्ये बरे का झाले असते? आजार आईला आणि बाळाला एकच आहे. डॉक्टर, तिसरी शक्यता उरते."

"कमी पडणं," क्रालू हळूच म्हणाले.

"नुझतचं पोर डब्याच्या दुधावर वाचलं. बाकीचं घर डाळभाजीवर धडधाकट राहिलं. हिच्या भाताचा कस धुण्यात आणि पेजेत गेला, उरलासुरला सोड्याने मारला. जे आईच्या अंगात नाही, ते दुधात कुठून येणार?"

क्रालूंनी कपाळावर हात मारला. "बी-वन जीवनसत्त्व! बसलेला आवाज... आणि मी आईकडे पाहिलंच नाही!" ते स्वतःच सुई आणायला धावले.

सगळे खाटेकडे टक लावून बसले. दुपार कलली तेव्हा बाळाने मान हलवली आणि ओठ चाळवले. सुई मसर्रतलाही दिली होती. क्रालूंनी मान डोलावल्यावर तिने बाळाला छातीशी घेतलं. ते ओढू लागलं. तनवीर भिंतीकडे तोंड करून रडला.

"आणि थोरली?" फाताने विचारलं. "तीसुद्धा?"

हाजरांनी खोटं सांगितलं नाही. "तीसुद्धा."

फाता मटकन जमिनीवर बसली. "मी मायेनं केलं गं... मायेनंच."

मसर्रतने बाळाचं डोकं सावरलं. मग म्हणाली, "दोन वर्षं माझ्या लेकीचं नाव ह्या घरात कोणी घेतलं नाही, मौजी. एकदा घ्या."

म्हातारी पुढे सरकली. तिने सुनेचे बधिर पाय दोन्ही हातांनी धरले.

"झूना," ती म्हणाली. "माझी झूना."