अजून थोडं मोठं कर

त्या दुपारी मी ऑफिसात अक्काचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करायला बसलो होतो. काम तसं चुटकीसरशी होणारं, पण मी ते टाळत आलो होतो.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आम्ही एकाच प्रकाशनात होतो. ती प्रूफं तपासायची, मी कॉम्प्युटर सांभाळायचो. डोळ्यांत तेल घालून वाचणारी बाई ती, आणि आजार निघाला नेमका डोळ्यांच्या मागे. अंथरुणाला खिळली तरी काम सोडेना. मग मी तिचा घरचा कॉम्प्युटर ऑफिसच्या कॉम्प्युटरला जोडून दिला. तिच्या पडद्यावर अक्षरं केवढी दिसावीत, उजेड किती असावा, हे मी माझ्या जागेवरून ठरवायचो. फोन कानाला लावून ती म्हणायची, "अजून थोडं मोठं कर रे." मी वाढवायचो. "बास, बास! दुकानाची पाटी झाली ही!" म्हणून हसायची. चार दिवसांनी पुन्हा, "अजून थोडं..." शेवटी शेवटी हसणं थांबलं.

ती जाऊन महिना उलटून गेला होता.

मी तिचं खातं उघडलं. तिचा घरचा कॉम्प्युटर अजून जोडलेला होता. पडद्यावर तिचं अर्धवट राहिलेलं पान होतं आणि अक्षरं मी ठेवली होती त्याहून मोठी. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, हात लागला असेल असं वाटून मी ती लहान केली. पट्टीवरची अक्षरांच्या मापाची खूण माझ्या डोळ्यांदेखत आपोआप पुढे सरकली. अक्षरं पुन्हा मोठी झाली.

मी दाजींना फोन लावला.

"दाजी, अक्काच्या कॉम्प्युटरवर कोण बसलंय?"

"कोण बसणार? खोलीला कडी आहे. कॉम्प्युटर तेवढा चालू ठेवलाय... बंद करवत नाही रे."

"जरा बघता?"

कडी निघाल्याचा आवाज आला. मग त्यांची पावलं.

"खुर्ची रिकामी आहे... पण ती कपाळाला लावायची त्या मलमाचा वास येतोय. आत्ताच चोळल्यासारखा..."

इकडे अक्षरं वाढतच होती. आधी ओळ मावेना, मग शब्द मावेना. शेवटी एकच अक्षर पडदाभर पसरलं. माप संपलं, तरी ती खूण टोकाशी धडका देत राहिली, काचेवर माशी आपटावी तशी. भीती वाटली ती नंतर. आधी काळजात चर्र झालं. तिला दिसत नव्हतं. जिथे कुठे असेल तिथे तिला अजून कमी कमी दिसत चाललं होतं.

त्याच पानावर मी लिहिलं, 'अक्का, पुस्तक छापून झालं. आता वाचू नकोस. पड जरा.'

मी लिहिलेली अक्षरं पडद्यावरून सरकू लागली. एकेक. मध्येच मागे जायची, चाचपडायची, पुन्हा पुढे यायची. शेवटच्या शब्दावर बराच वेळ काहीच हललं नाही. मग तिकडूनच जोडणी तुटली.

मी टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडलो.

"दाजी... गेली ती. कळलं तिला."

फोनमध्ये खट् असा आवाज आला. मग पुन्हा एकदा.

"दाजी?"

"दिव्याची बटणं..." ते कुजबुजले. "सगळे दिवे लागलेत रे. खिडकीतून लख्ख ऊन आलंय... तरी ती बटणं दाबतेय. लावते, विझवते, पुन्हा लावते... मी सांगतोय तिला, पण माझं तिला ऐकूच जात नाहीये. तू सांग ना..."

त्यांनी फोन खोलीत पुढे धरला असावा. मी होता नव्हता तेवढा जोर लावून हाक मारली, "अक्का!"

बटणं थांबली.

आणि मग भराभर वाजू लागली, ती मला शोधत असल्यासारखी.