बोक्याची मांडी

"याला पाय नाहीत का?"

दवाखान्याच्या दारातच कुणीतरी विचारलं आणि तिचं डोकंच फिरलं! कडेवर बोका होता. नाव बोका, पण जातीने कुत्रा... आणि वजनाने सिमेंटचं पोतं.

"तुम्हाला डोळे नाहीत का? तारेच्या कुंपणाने मांडी फाटलीय त्याची!"

"टाके तर केव्हाच सुकलेत," तो हसत म्हणाला आणि खुंटीवरचा पांढरा कोट अंगात चढवला.

अरे देवा! हाच नवा डॉक्टर!

त्याने बोक्याच्या दोन्ही मांड्यांना मापाची टेप लावली. दुखरी मांडी अगदीच बारीक झाली होती.

"उचलून उचलून वाट लावलीत. स्नायूच्या धाग्यांना चिकटून काही पेशी झोपलेल्या असतात. इजा झाली की त्या जाग्या होतात, वाढतात, एकमेकींत मिसळून नवे धागे बनवतात. पण त्या धाग्यांना कामच नाही दिलं, तर ते दुबळे राहतात. चालवा त्याला. थोडं थोडं."

"परत धावेल?" तिने विचारलं.

"धावेल. दर आठवड्याला दाखवत राहा."

मग काय! रोज मांडी चोळणं, रोज रस्त्यावर फेरी. बोका आधी लंगडला, मग डुलला, मग चक्क ऐटीत चालायला लागला. आणि तिला भलतीच काळजी... हा बरा झाला, की आपलं दवाखान्यात जाणं बंद!

"कुत्र्याचा पाय दाखवायला काजळ कशाला लागतं गं?" आई म्हणाली.

"डोळे आले होते," ती म्हणाली आणि पळाली.

त्या दिवशी त्याने टेप लावली, भुवया आक्रसल्या. "अजून... जरा बारीक आहे. पुढच्या आठवड्यात या."

तेवढ्यात समोरच्या भिंतीवर मांजर दिसलं. बोक्याने टेबलावरून उडी मारली, बाहेरचं बाकडं ओलांडलं आणि सुसाट सुटला!

दोघं दारात. तिने त्याच्याकडे बघितलं.

"ही मांडी बारीक?"

त्याचे कान लाल झाले. "मागच्याच वेळी दोन्ही सारख्या होत्या."

"मला माहितीय. रोज मीच चोळते ना."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"तुमचं येणं बंद झालं असतं म्हणून..." तो एवढंच म्हणाला — आणि टेपची गुंडाळी करत बसला.

पण तिला आज गप्प बसायचं नव्हतं. मुळीच नाही!

"तपासणी नको," ती म्हणाली. "संध्याकाळी कोट काढून ये. बोक्याला फिरवायला. आपण दोघं."

"ये?" तो हसला. "अहो-जाहो गेलं वाटतं?"

"गेलं. येतोस की नाही?"

"येतो!"

संध्याकाळी बोका पुढे, दोघं मागे. इतके दिवस चालताना तिची नजर बोक्याच्या मागच्या पायावरून हलायची नाही. आज तिने एकदाही तिकडे बघितलं नाही.