हिरव्या शिक्क्याचा काटा

पट्टा कचऱ्याच्या डब्यात सापडला. कांद्याच्या सालींखाली उलटा पडलेला आणि अजून चालू.

"मामा, ताबडतोब या," फोनवर जावई म्हणाला. "हिनं तो पावलं मोजणारा पट्टा काढून फेकून दिलाय. बोलत नाही, चहा घेत नाही, नुसती ओट्याशी उभी आहे."

"सकाळी वजन केलं का तिनं?"

"केलं ना. म्हणूनच तर."

मामांनी दाढी अर्धवट टाकली आणि पिशवी उचलली. एकतीस वर्षं ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तपासणीची प्रमाणित वजनं पिशवीतून निघाली नव्हती.

ताई त्यांची भाची, फोन करणाऱ्या जावयाची बायको. तिचा धाकटा भाऊ तिच्याकडेच राहायचा. एकेचाळीस वर्षांचा झाला तरी घरात तो बारक्याच राहिला होता. गेली दोन वर्षं तो आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात होता. ताईचं मूत्रपिंड त्याला जुळत होतं. अडचण एकच होती. दात्याचं वजन एकोणऐंशी किलोंच्या आत हवं, असं इस्पितळानं लेखी कळवलं होतं. इस्पितळाच्या समितीनं एकदा मुदत वाढवून दिली होती. येत्या गुरुवारी शेवटची तपासणी. त्यात नापास झाली तर ताईची फाइल बंद आणि बारक्या सर्वसाधारण यादीत. त्या यादीत नंबर लागायला चार-पाच वर्षं लागत.

बारक्याकडे तेवढी वर्षं आहेत का, हे घरात कुणी मोठ्यानं विचारत नव्हतं.

ताई ओट्याशीच होती. डोळे कोरडे, आवाज चढलेला.

"पन्नास दिवस, मामा! रोज अकरा हजार पावलं. ऑफिसचे चार मजले जिन्यानं. पट्टा म्हणतो, दिवसाला दोन हजार पन्नास कॅलरी खर्च. मी खाते पंधराशे पन्नास. पाचशेची तूट रोज. तीन किलोंच्या वर उतरायला हवं होतं. उतरलं किती? एक किलो शंभर ग्रॅम! आज काटा एक्याऐंशी."

"ताई, रागावू नकोस. अधूनमधून काही तोंडात..."

"विचार! तूही विचार! आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, डॉक्टरांनी विचारलं, शेजारणीनंसुद्धा विचारलं. काल ऑफिसात केक कापला तेव्हा मी हात मागे बांधून उभी होते, चोर पकडल्यासारखी. घरी येऊन एक चमचा तेलसुद्धा वजन करून घेते मी. आणि मीच खोटी?"

मामांनी डब्यातून पट्टा काढला, पुसला आणि खुर्चीवर बसले.

"तू खोटी नाहीस, असं धरून चालतो," ते म्हणाले. "मग कुठला तरी आकडा खोटा आहे. आकडे तीनच. वजनाचा, खर्चाचा आणि खाण्याचा. एकेक घेऊ."

वजनाचा आकडा लगेच निकालात निघाला. परवाच्या गुरुवारी इस्पितळाच्या काट्यावर ताई एक्याऐंशी किलो शंभर ग्रॅम भरली होती. घरचा, उभं राहून वजन करायचा काटा त्याच्या जवळपासच होता.

पट्ट्यासाठी मामा तिला घेऊन रस्त्यावर उतरले. हातात पोती मोजायचं जुनं टकटक यंत्र. हजार पावलं त्यांनी स्वतः मोजली. पट्ट्यानं एक हजार नऊ दाखवली. फोनमध्ये उंची, वय, वजन बरोबर भरलेलं होतं.

"कॅलरीचा आकडा हा अंदाजच असतो," परत येताना मामा म्हणाले. "पण तो तपासायचं माप माझ्याकडे नाही. राहिलं खाणं."

"म्हणजे फिरून मीच."

"म्हणजे स्वयंपाकघर."

जावई ड्रायव्हिंग शिकवायचा. हे ऑपरेशन होऊ नये असं घरात त्यालाच वाटत होतं आणि ते साऱ्या गल्लीला माहीत होतं. मामांनी त्याला गॅलरीत गाठलं.

"जावईबापू, रात्रीचा स्वयंपाक तुमच्याकडे?"

"माझ्याकडे."

"तिच्या ताटात काही जास्त पडतं?"

"मी शिजवतो, ती वजन करून वाढून घेते. पळी हातात देत नाही माझ्या. मामा, सरळ विचारा ना, मी काही केलंय का."

"केलंय का?"

"माझा विरोध आहे. तिला सांगितला, तुम्हाला सांगितला, शिकाऊ लोकांनाही लाल सिग्नलला सांगितला. माझं गुपचूप असं काही असतं का?"

"घोरणंसुद्धा नसतं!" आतून ताई ओरडली.

बारक्या आपल्या खोलीत आरेखनाच्या टेबलाशी होता. इमारतींचे नकाशे काढून देणं हा त्याचा धंदा. कागदाच्या कोपऱ्यांवर पितळी वजनं ठेवलेली होती. मामांनी ती ओळखली. खात्यानं झिजली म्हणून बाद केलेला तो संच त्यांनीच या दोघा भावंडांना लहानपणी दुकान-दुकान खेळायला दिला होता.

"अजून सांभाळलीस?"

"कागद उडत नाही," बारक्या हसला. त्याच्या हाताशी पाण्याचं मापपात्र होतं. दिवसाला साडेसातशे मिली, एक थेंब जास्त नाही. शेजारी भाताची वाटी. तिच्या आत कानशीनं बारीक रेघ मारलेली.

भिंतीवर त्याचा आहाराचा तक्ता होता, छापल्यासारख्या अक्षरात. मामांनी पानं चाळली. वरच्या पानांवर भात, फळं, भाज्या सगळं वाट्यांत लिहिलेलं. खालच्या, जुन्या पानांवर ग्रॅममध्ये.

"ग्रॅम सोडून वाटीवर आलास?"

"सकाळी ताईला ओट्यावरचा काटा लागतो. एकाच काट्यावर दोघांनी कशाला भांडायचं?"

"आणि रक्ताचा रिपोर्ट?"

"पोटॅशियम जागच्या जागी. डॉक्टरीणबाई म्हणतात, असा पेशंट दाखवायला ठेवावा." मग त्यानं पेन्सिल खाली ठेवली. "मामा, सोडून दे ना आता. एखाद्या शरीराला नाही जमत. तिला समजाव, मनाला लावून घेऊ नको म्हणावं."

मामा स्वयंपाकघरात आले. ओट्यावर छोटा डिजिटल काटा होता. वजन कमी करायचं ठरलं तेव्हा त्यांनीच आणून दिलेला. पिशवीतली वजनं लावून तपासलेला. मागे हिरवी चिठ्ठी, त्यावर त्यांची सही आणि दोन महिन्यांपूर्वीची तारीख. आपली सही पाहून त्यांना बरं वाटलं. काटा त्यांनी जागेवर ठेवला.

तासभर त्यांनी तेलाची बाटली, दुधाची पिशवी, फोनमधल्या नोंदी पाहिल्या. काही हाती लागलं नाही. ताई प्रत्येक प्रश्नाला अधिकच तिखट होत गेली. शेवटी मामांचाच तोल गेला.

"मग मी काय करू? देवानं पाठवलं वजन?"

"तू जा घरी. दाढी पुरी कर."

चिडून ते पिशवी उचलायला वळले आणि फडताळातल्या बरण्यांवर त्यांची नजर गेली. ताईला सवय होती. बरणी भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून तारीख लिहायची. ओट्सच्या बरणीवर तीन तारखा होत्या. दोन, सोळा, तीस. आधीच्या खोडलेल्या.

"ही बरणी केवढ्या पिशवीनं भरतेस?"

"किलोच्या. बरणी पुरी संपली की."

"रोज किती खातेस?"

"साठ ग्रॅम. वजन करून."

"अजून कोण खातं?"

"कुणी नाही. बारक्याला चालत नाही. नवरा तर ओट्सला घोड्याचा खुराक म्हणतो."

मामांनी झाकण हातात धरलं. किलोत साठ-साठचे सोळा वाटे होतात, वर थोडे उरतात. बरणी दोन्ही वेळा चौदा दिवसांत रिकामी झाली होती.

पिशवीतून पाचशे ग्रॅमचं प्रमाणित वजन काढून मामांनी हिरव्या शिक्क्याच्या काट्यावर ठेवलं.

आकडा उमटला. चारशे सतरा. दोनशेचं ठेवलं. एकशे सदुसष्ट.

"बारक्याला बोलवा," मामा म्हणाले. "येताना टेबलावरचं पाचशेचं आणि शंभराचं पितळी वजन घेऊन ये म्हणावं."

चौघं ओट्याभोवती उभे राहिले. बारक्यानं वजनं आणली. ती त्यानं ओट्याच्या अगदी कडेला ठेवली.

"चूक पहिली माझी," मामांनी सुरुवात केली. "आल्या आल्या हा काटा तपासायला हवा होता. माझी सही पाहिली आणि पुढे गेलो. दुकानदारानं असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं."

"मामा, मुद्द्यावर ये," ताई म्हणाली.

"हा काटा कमी दाखवतो. साठ दाखवतो तेव्हा वर बहात्तर असतात. भात, तेल, ओट्स, सगळंच एक पंचमांश जास्त. तू पंधराशे पन्नास लिहीत होतीस आणि पोटात साडेअठराशे जात होते. तुझी तूट तिथं गेली."

ताईनं ओट्याची कड घट्ट धरली. "बिघडलाय?"

"बिघडलेला काटा वेडावाकडा चालतो. हा प्रत्येक वजनाला त्याच प्रमाणात कमी दाखवतो. म्हणजे याला पुन्हा शिकवलंय. या काट्याचं बटण दाबून धरलं की तो पाचशे ग्रॅम मागतो. त्या वेळी वर जे ठेवाल त्याला तो जन्मभर पाचशे समजतो. कुणीतरी वर सहाशे ठेवले."

जावयानं दोन्ही हात वर केले. "मला त्या काट्याचं बटण कुठं आहे तेही माहीत नाही."

"तुमच्यावरच संशय होता, जावईबापू. पण हे बघा." मामांनी आपली सहाशे ग्रॅमची प्रमाणित वजनं ठेवली. पाचशे एक. ती उचलून त्यांनी बारक्याची दोन पितळी वजनं ठेवली. नेमके पाचशे. "ही जुनी वजनं ग्रॅमभर झिजलीत. म्हणून तर खात्यानं बाद केली. काट्याला शिकवताना वर हीच होती. काट्यानं स्वतः सांगितलं."

"ती वजनं त्याच्या टेबलावर उघडी असतात," ताई घाईनं म्हणाली. "कुणीही घेईल."

"घेईल. पण हा काटा खोटा आहे हे ज्याला माहीत होतं, तो त्यावर स्वतःचं खाणं कसं मोजेल? पोटॅशियम एक पंचमांश वाढलं तर ज्याचं हृदय थांबेल, तो तर मुळीच नाही. तक्ता बघ. पन्नास दिवसांपूर्वीपर्यंत ग्रॅम. तुझा पट्टा आला त्या आठवड्यापासून वाट्या. पाण्याचा थेंब मोजणारा माणूस घरातला सगळ्यात बारीक काटा सोडून वाटीला रेघ मारतो. का, बारक्या?"

बारक्या तक्त्याच्या दिशेनं बघत राहिला.

"मी तीनदा नको म्हणालो होतो," तो म्हणाला. "तीनदा तू मला गप्प बसवलंस, ताई. तुझी पोरगी अकरावीत आहे. ऑपरेशनच्या टेबलावर तुला काही झालं तर मी तिच्याकडे कुठल्या तोंडानं बघू? चौथ्यांदा नको म्हणायची ताकद नव्हती. वाटलं, आकड्यांनीच नाही म्हणावं. माझा नकार नको, तुझा नको, कुणाचं मन मोडायला नको."

"माझं मोडलं नाही?" ताईचा आवाज एकदम खाली आला. "रोज सकाळी वजनकाट्यावर उभी राहून मी स्वतःला शिव्या घालत होते. तू चहा गाळत ऐकत होतास."

बारक्यानं पितळी वजनं काट्यावरून उचलून बाजूला ठेवली.

"एकतीस वर्षं माप मारणारे पकडले," मामा पुटपुटले. "सगळे कमी देणारे. जास्त देणारा पहिल्यांदा सापडला."

"हसू नकोस, मामा." ताई भावासमोर येऊन उभी राहिली. "आता म्हण. इथं, सगळ्यांसमोर. तुला खरंच नको असेल तर आत्ता फोन करून मी माझं नाव मागे घेते, परत विषय काढणार नाही. पण मला खादाड ठरवून नाही. ते नाही चालणार."

नळाचा थेंब बेसिनमध्ये पडत होता. मामांनी काट्याचं बटण दाबून धरलं. पाचशेचा आकडा लुकलुकला. त्यांनी प्रमाणित वजन ठेवलं, मग काटा उलटा करून नखानं हिरवी चिठ्ठी खरवडून काढली.

"गुरुवारचं काय होणार?" बारक्यानं विचारलं. अगदी हळू.

जावयानं स्वतःचा फोन त्याच्या हातात दिला. "इस्पितळाच्या समन्वयक बाई शनिवारी असतात. मुदत तूच माग. माझा विरोध कायम आहे, पण काट्याला हात लावून नाही."

बारक्यानं नंबर लावला. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू येत होता.

"मुदत एकदा वाढवलीय," बाई म्हणाल्या. "पुन्हा हवी तर सबळ कारण लेखी लागेल. काय लिहू?"

"घरचा, खाणं मोजायचा काटा चुकीचा होता." तो थांबला. ताई त्याच्याकडेच बघत होती. "मी मुद्दाम चुकवला होता. ताईनं एकही दिवस चुकवला नाही, तेही लिहा. मला तिचं मूत्रपिंड हवंय."

पलीकडे कागद सळसळला. "तुम्ही दोघं गुरुवारी या," बाई म्हणाल्या. "समितीसमोर हे तुम्हीच सांगायचं. सहा आठवडे मिळतील असं वाटतं. शब्द देत नाही."

साडेअकरा वाजले होते. ताईनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. बारक्यानं वाडगा काट्यावर ठेवला, आकडा शून्यावर आणला आणि रोज ताईच्या वाडग्यात दिसायचे तेवढे ओट्स ओतले.

बहात्तर.

त्यानं चमचा घेऊन थोडे थोडे ओट्स परत बरणीत टाकायला सुरुवात केली. ताई पट्टा नळाखाली धरून धूत होती. तिनं तो मनगटावर बांधला आणि त्याच्या खांद्यावरून काट्यात डोकावली.

"एकसष्ट आहे," ती म्हणाली. "काढ, चोरा."

बारक्यानं चमचा बाजूला ठेवला आणि उरलेले दाणे बोटांनी उचलले.