बारा पानांचं खरेदीखत

त्याला जायचं होतं वरच्या मजल्यावर, नोटरीकडे. पण धापा टाकत तो पहिल्याच उघड्या दारात शिरला, आणि ते निघालं कागदपत्रांची भाषांतरं करणाऱ्या मुलीचं.

"परदेशात घर घेतोय, दादाच्या शेजारी. कर्ज मंजूर झालंय... पण हे कागद मला वाचता येत नाहीत," म्हणत त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तरुणाने खरेदीखताचं पहिलं पान पुढे केलं. खाली कोपऱ्यात छापलं होतं, 'बारापैकी एक'.

"बाकीची अकरा?"

"उद्या... एकेक आणतो."

मग रोज साडेपाचला एक पान यायचं. तिच्या भिंतीवरचं घड्याळ रोज मागे पडायचं, तो रोज काटे पुढे सरकवून द्यायचा. दुरुस्त मात्र करायचा नाही. ती काही दूधखुळी नव्हती, पण पाच वाजल्यापासून तिचे कान जिन्याकडे लागलेले असायचे.

नवव्या पानावर मात्र ती अडखळली. घर विकणाऱ्याच्या आत्याला माडीवरच्या खोलीत मरेपर्यंत राहायचा हक्क होता! आता व्यवहार मोडणार, हा कुठे जात नाही... तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. ओळ तिने चारदा वाचली. कागदात खरंच तसं होतं, की तिला तसं हवं होतं?

तो आला तेव्हा तिने ते पान त्याला परत दिलं.

"हे दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या."

"का? अवघड आहे?"

"अवघड नाही. माडीवर एक आत्याबाई आहेत, त्यांना कुणी काढू शकत नाही, असं लिहिलंय. पण... तुम्ही जाऊ नये असं मला वाटतंय. अशा माणसाने तुमचे कागद वाचू नयेत."

तिचे कान लालबुंद झाले. त्याने खिशातून उरलेली तिन्ही पानं काढली.

"पहिल्या दिवसापासून खिशातच होती."

"माहितीये."

"विसारही पाठवला नाही अजून. दादा रोज फोनवर झापतो."

"मग घराचं काय?"

"राहू देत आत्याबाई सुखाने. माझा जीव इथे अडकलाय... तुमच्यात."

तिने हसू दाबत पानं पुढे ओढली. "ही आजच संपवू. उद्यापासून बिनकागदाचे या."

"आणि घड्याळ?"

"ते मात्र दुरुस्त करू नका," ती म्हणाली.