रुमालाखालचा भाव

गाडी बंद पडली ती नेमकी ‘कुर्बान ऑटो स्टोअर्स’च्या पुढ्यात. आधी एक उचकी, मग दुसरी, आणि मग एखाद्या म्हाताऱ्यानं बोलता बोलता डोळा लावावा तशी निवांत झाली. दुधाळ रंगाची जुनी फियाट. टपावर शेवंतीच्या माळा, दारांना झेंडूची तोरणं, आणि मागच्या सीटवर मुंडावळ्या बांधलेली नवरी.

काउंटरमागे बसलेल्या निखतनं मान वर केली. माघ सरत आला होता. अकोल्याच्या उन्हाला अजून दात फुटायचे होते. स्टेशनकडच्या त्या गल्लीत दुपारी एरवी फक्त पान्यांचा खणखणाट असायचा; आज तिथं शेवंतीचा वास शिरला होता.

ड्रायव्हरच्या बाजूनं तो उतरला. दुमडलेल्या बाह्यांचा पांढरा सदरा, खांद्यावर चौकडीचा रुमाल. त्यानं बॉनेट उघडलं, आत डोकावला, आणि एक तडकलेला तुकडा तळहातावर घेऊन दुकानाची पायरी चढला.

“याचा रोटर आहे का? फुटला पाहा.”

निखतनं तुकडा पाहिला, गाडी पाहिली, मुंडावळ्या पाहिल्या. तिच्या अब्बांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. एक डोळा उघडला होता, दुसऱ्यावर अजून हिरवी पट्टी होती. ते आतल्या खोलीत रेडिओ ऐकत पडून असायचे आणि दुकान तिच्यावर होतं. त्यांनी तिला एकच गोष्ट घोटून शिकवली होती: नव्या गाडीच्या पार्टावर भाव छापलेला असतो, जुन्या गाडीच्या पार्टावर काहीच छापलेलं नसतं. तिथं गिऱ्हाइकाची नड पाहायची, अन् मग तोंड उघडायचं.

आणि इथं तर नड मुंडावळ्या बांधून बसली होती.

“तीनशे,” निखत म्हणाली.

तिला तो रोटर सत्तरला पडला होता.

त्यानं एक भुवई उचलली. मग त्याच्या हातून एक भलतीच गोष्ट झाली. खांद्यावरचा रुमाल त्यानं सपकन ओढला, उजव्या हातावर पसरला आणि तो झाकलेला हात तिच्यापुढे धरला.

संत्र्याच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. चारचौघांच्या कानावर पडू नये म्हणून रुमालाखाली हातात हात घ्यायचा, बोटं दाबायची, आणि बोटांनीच घासाघीस करायची. ज्याचं बालपण अडतीवर गेलं, त्याचा हात भाव ऐकताच आपोआप रुमालाखाली जातो. हे निखतला माहीत होतं. अब्बाही जुन्या गिऱ्हाइकांशी असाच सौदा करायचे. पण आजवर तिच्यापुढे असा हात कोणी धरला नव्हता.

तो हात तसाच अधांतरी… मग त्याच्या ध्यानात आलं. कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या.

“माफ करजा… सवय आहे.”

गाडीच्या खिडकीतून नवरीच्या आत्यानं, माणिकबाईनं, डोकं बाहेर काढलं. “काबे मोईज, रोटर घेऊन राह्यला का पोरीचा हात? इकडे नवरी घामेजून राह्यली ना बाप्पा.”

अख्खी गल्ली हसली. नवरीसुद्धा मुंडावळ्यांआडून हसली. निखतनं ओढणी सारखी केली आणि गल्ल्यात काहीतरी शोधल्यासारखं केलं. त्यानं निमूट तीनशे मोजले.

तो रोटर बसवत होता तोवर माणिकबाईनं सीटवर बसल्या बसल्या ओवी जुळवली, दळताना जुळवावी तशी सहज:

“पातूरची माझी लेक, निघे अमरावतीला,
अकोल्याच्या वाटंवर गाडी थांबे सावलीला…”

गाडी चालू झाली. जाताना त्यानं डिकीतून दोन संत्री काढून काउंटरवर ठेवली. एकाच्या देठाला पान होतं, हिरवंगार. “शेंदूरजनाघाटची आहेत,” एवढंच म्हणाला. निखतनं ते पान रोटरच्या रिकाम्या खोक्यात ठेवलं. का ठेवलं, ते तिनं स्वतःलाही विचारलं नाही.

पुढच्या जुमेरातला, गुरुवारी, फियाट परत आली. या वेळी बंद न पडता.

“दाराचं हँडल पाह्यजे होतं.”

“डाव्या का उजव्या?”

“तुमी सांगान ते,” मोईज म्हणाला, आणि लगेच जीभ चावली. “म्हंजे… डाव्या.”

हँडलचे तिनं साडेतीनशे घेतले. त्यानंतरच्या जुमेरातला काचेचं रबर. मग वायपरचा हात. मग बॉनेटवरची चकचकीत पट्टी. प्रत्येकाचा भाव ती डोळे मोठे करून सांगायची, वर एखादी गोष्ट जोडायची: हे आता कुठंच मिळत नाही, हे मुंबईहून मागवलं, याचा कारखानाच बंद झाला. तो लहान मुलानं परीकथा ऐकावी तसं ऐकायचा.

“एवढं महाग?”

“शौक स्वस्तात होत नाही.”

“आमच्या अमरावतीत म्हणतात, अकोल्याचे लोक उन्हानं तापट झाले.”

“मग कशाले येता तापायले?”

“थंडीचे दिवस आहेत ना,” तो म्हणाला.

थंडी केव्हाच संपली होती. दोघांच्याही कपाळावर घाम होता. दोघांनीही तो पुसला नाही.

दर खेपेला डिकीतून दोन संत्री निघायची. बुधवारी रात्री निखतला झोप येईना. जुमेरातला सकाळी ती काउंटरची काच दोनदा पुसायची आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला की उगाच नटबोल्टच्या डब्यात डोकं घालायची. फियाटचा हॉर्न तिला शंभर गाड्यांतून ओळखू यायला लागला होता. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा.

एकदा तिनं विचारलं, “एवढा पैसा या डब्यात घालता. घरचे काही म्हणत नाहीत?”

“दादामियांची गाडी आहे. ते गेले तवा अब्बा विकून टाकत होते. मी म्हटलं, लग्नाले लावू.” तो काउंटरवर कोपर टेकवून उभा राहिला. “यंदा पाहून राह्यल्या ना तुमी? कापसानं कोणाच्या हाती काही ठेवलं नाही. बँड नाही, घोडा नाही. पण पोरगी एसटीनं कशी सासरी पाठवाची? मग म्हणतात, मोईजभाऊ, गाडी घेऊन या. मी म्हणतो, पेट्रोल टाका, बस. कोणी पायलीभर तूर देते. माणिकबाईच्या घरचे फुलं देतात. पातूरची ते नवरी नाही का, करिश्मा, तिनं सासरी जाऊन अख्ख्या गावाले सांगतलं, मी कारनं आली.”

तो हसत होता. निखतनं मात्र पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

ती शौक समजत होती. चौपट लावला होता तिनं, कधी पाचपट. आणि तो चौपट भाव कुठं कुठं जाऊन बसला असेल? करिश्माच्या मुंडावळ्यांवर. तिच्यानंतरच्या दुसऱ्या कुणा पोरीच्या हिरव्या चुड्यावर. सांगावं? सांगितलं तर तो पुन्हा या पायरीवर कशाला पाय ठेवील? आणि नाही सांगितलं तर… ती संत्री घशाखाली कशी उतरायची?

“हेडलाइटच्या रिंगा तेवढ्या राह्यल्या,” तो म्हणत होता. “त्या लागल्या की गाडी पुरी झाली.”

म्हणजे त्याचं अकोल्याचं कामही पुरं झालं. आणि महिनाअखेर अब्बांची पट्टी निघाली की ते काउंटरवर बसणार, ती घरात.

निखत आत गेली. मांडणीवर वरच्या फळीत रिंगांचा जोड होता, कागदात गुंडाळलेला. कुर्बान ऑटोचा एक रिवाज होता, तिच्या जन्माच्याही आधीचा: जोड फोडायचा नाही. एक गेली की दुसरी जन्मभर पडून राहते, कोणी घेत नाही. निखतनं कागद सोडला. एक रिंग हातात घेतली. दुसरी परत फळीवर ठेवली.

“एकच आहे. दुसरी पुढच्या जुमेरातले.”

“किती?”

“ऐंशी.”

ऐंशी म्हणजे तिला पडला तो भाव. एक पैसा वर नाही. एवढं तरी आपण करू, तिला वाटलं.

मोईजचा चेहरा एकदम उतरला. “ऐंशी?”

“हो.”

“फक्त?”

“घ्या ना. कावून, महाग पाह्यजे?”

त्यानं पैसे ठेवले, रिंग उचलली आणि निघून गेला. डिकी उघडली नाही. त्या दिवशी संत्री नव्हती.

पुढच्या जुमेरातला तो आला नाही.

निखतनं काच दोनदा नाही, चारदा पुसली. दुपारच्या अजानपर्यंत गल्लीत प्रत्येक हॉर्न वाजला, तो घोगरा तेवढा वाजला नाही.

संध्याकाळी अब्बा मांडणीशी उभे होते. एक डोळा पट्टीखाली, दुसरा अजून धूसर. पण हातांना सगळं दिसायचं. फळीवरून फिरता फिरता त्यांचा हात थांबला.

“निखत. जोड कोणी फोडला?”

“मी, अब्बा.”

“दुसरी कोणाले देल्ली?”

“अमरावतीचे एक… फियाटवाले.”

“कितीत?”

“ऐंशीत.”

कुर्बानमियांनी थोडा वेळ त्या एकट्या रिंगेवरून अंगठा फिरवला. “जोड फोडला, तोही ऐंशीत,” ते हळूच म्हणाले. “बेटा, तुयी तबियत ठीक आहे ना?”

निखत जमिनीकडे पाहत राहिली. त्यांनी रिंग कागदात गुंडाळून परत फळीवर ठेवली. त्या दिवसापासून आतल्या रेडिओचा आवाज एकदम कमी झाला, दुकानातलं बोलणं ऐकू यावं इतका.

आणखी एक जुमेरात उजाडली. काच पुसायचीच नाही, असं ठरवून ती पाठमोरी बसली. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी… घोगरा हॉर्न.

फियाट समोर उभी राहिली. एका हेडलाइटला रिंग, दुसरा उघडाच. एकाच डोळ्यात सुरमा घातल्यासारखी. मोईज पायरी चढला. रिंग परत करायला आला होता? नाही, ती तर गाडीलाच होती. हात रिकामाच होता.

“दुसरी रिंग घ्याले आलो,” तो परक्यासारखा म्हणाला. “मग तरास नाही देणार.”

“तरास?”

“तुमी भाव पाडला ना. बाजारात वाढलो मी. दुकानदार घासाघीस न करता भाव पाडते, तवा त्याले माल नसते विकाचा. त्याले गिऱ्हाईक काढाचं असते.”

निखतला हसू आणि रडू एकदमच फुटू पाहत होतं. याला तिनं आयुष्यात पहिल्यांदा खरा भाव सांगितला, आणि हा रुसून बसला.

“तसं नाही,” ती म्हणाली. “मी… पहिल्या दिवसापासून तुमाले लुटलं. तो रोटर सत्तरचा होता. हँडल नव्वदचं. ते मुंबईचं, कारखान्याचं, सगळं खोटं. लग्नाच्या पोरींचे पैसे होते, मले माहीत नव्हतं. म्हणून ऐंशी सांगतले. आता नका येऊ पाह्यजे तर.”

  मोईजच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

“रोटर पासष्टचा,” तो म्हणाला. “नागपुरात.”

“तुमाले… माहीत होतं?”

“अडत्याचा पोरगा आहो. भाव माहीत नसता तं अब्बानं घरात घेतलं नसतं.”

“मग देले कावून एवढे?”

“नागपूरवाला पार्ट देते अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहते. इतके मोठे डोळे करून, इतकं गोड खोटं… तिथं कोणी बोलत नाही.”

“अन् त्या पोरींचे पैसे?”

“त्यांचा एक रुपया नाही लागला. माह्या दलालीतले होते. दोन महिने झाले, नवा सदरा नाही घेतला. पाहा.” त्यानं कॉलर दाखवली. खरंच विरली होती.

“वेडे आहात तुमी.”

“आहो ना.”

आतून खाकरण्याचा आवाज आला. दोघंही चपापले. दारात कुर्बानमिया उभे होते, हातात कागदात गुंडाळलेली रिंग.

“अस्सलाम आलेकुम,” मोईज गडबडून म्हणाला.

“वालेकुम अस्सलाम. या रिंगेचा भाव मी सांगतो, मिया. काढा रुमाल.”

मोईजनं खांद्यावरचा रुमाल हातावर पसरला. कुर्बानमियांचा हात आत गेला. कापड हललं, थांबलं, परत हललं. मोईजच्या कपाळावर घाम, कुर्बानमियांच्या दाढीत हसू. निखतचा जीव त्या चौकडीच्या रुमालात अडकला होता, आणि काय चाललंय ते तिला काहीच दिसत नव्हतं.

“घरी कोण कोण आहे, हे बोटांनी नाही समजत,” कुर्बानमिया म्हणाले. “ते तोंडानं सांगा.”

“अब्बा, अम्मी, एक बहीण. अम्मीले… मी सांगतलं आहे.”

“काय सांगतलं?”

“की मी अकोल्याले पार्ट घ्याले नाही जात.”

निखतच्या कानात फियाटचं इंजिन धडधडायला लागलं. आणि एकाएकी तिला राहवेना. ती काउंटरच्या बाहेर आली.

“अब्बा, जोड मी फोडला होता. मग सौदाही माझाच आहे.”

 कुर्बानमियांनी लेकीकडे पाहिलं. मग हळूच आपला हात रुमालातून काढून घेतला, स्टूल ओढलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसले.

“एका डोळ्यावर पट्टी आहे,” ते रस्त्याला म्हणाले, “अन् दुसऱ्यानं आज काहीच दिसून नाही राह्यलं.”

निखतनं रुमालाखाली हात घातला. तिथं एक हात होता, गरम, संत्र्याच्या सालीसारखा जरा खरखरीत. पहिल्या दिवशी तिच्यापुढे अधांतरी राहिलेला.

“किती?” मोईजनं विचारलं. 

तिनं एक बोट दाबलं नाही, दोन नाही. त्याची पाचही बोटं मुठीत घेतली, आणि घट्ट धरली.

“हा तर लई महाग भाव आहे,” तो म्हणाला.

“कमी होणार नाही.”

“कोण म्हणते कमी करा?”

तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडे डोळे मोठे न करता पाहिलं, आणि आता पापणी लववायची कशी, हे तिला आठवेना. बाहेर फियाट एका डोळ्यानं उन्हात लखलखत होती. दुसरी रिंग स्टुलाजवळ कागदात तशीच पडली होती, कोणाला तिची घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं कुर्बानमियांनी रस्त्याकडे पाहतच घसा साफ केला.

“सौदा झाला असन तं आता हात सोडाले हरकत नाही.”

रुमाल हलला नाही.