गोलकीपरचा आवाज

गाण्याच्या बाईंनी एकल गायनाच्या चाचणीची यादी वाचली, आणि चिमणीचं नाव त्यात नव्हतंच. ज्या गाण्यापायी तिने वर्षभर घरच्यांचे कान किटवले, ते गाणं... गेलं?

"संगणकावर तुझ्या नावापुढे गोलकीपर लिहिलंय गं," बाई चष्मा वर ढकलत म्हणाल्या. "गोलकीपरला गायला कोण बोलावणार? शाळा सुटायच्या आत दुरुस्त करून आण, नाहीतर यादी अशीच जाईल."

चिमणी तरातरा निघाली, ती संगणकाच्या खोलीच्या दारात एका उंच मुलावर जाऊन आदळली. दहावीतला लांबू. गाणं, फुटबॉल, शाळेतल्या सगळ्या मंडळांची संगणकावरची नोंद यानेच बनवलेली.

"तूच का तो शहाणा?"

"शहाणा का ते माहीत नाही... पण हो, मीच." त्याचे कान लालबुंद.

पडद्यावर पाहते तर काय— विद्यार्थ्यांच्या तक्त्यात प्रत्येकाला 'भूमिका' म्हणून एकच रकाना. फुटबॉलवाल्यांनी 'गोलकीपर' भरलं, की समूहगाण्यातला 'दुसरा आवाज', म्हणजे खालच्या पट्टीतला, पुसला गेला.

"धाकट्याची मी ताई, ताईची मी धाकटी. एका रकान्यात कशी मावू रे?"

तो थबकला. "म्हणजे भूमिका तुझी नाही... मंडळाचीही नाही. ती तुमच्या दोघांच्या मधली आहे."

"मग मध्येच ठेव की."

विद्यार्थी आणि मंडळं या दोन तक्त्यांच्या मध्ये त्याने तिसरा तक्ता केला. एका ओळीत कोण, कुठलं मंडळ, काय म्हणून, कधीपासून. चिमणीच्या दोन ओळी झाल्या. नवी यादी निघाली, तीत तिचं नाव होतं, आणि तिच्या जिवात जीव आला.

"असं माणसा-माणसांचंही करता येतं?" तिने उगाच खोडी काढली.

एका कोऱ्या तक्त्यात त्याने लिहिलं— लांबू, चिमणी. 'काय म्हणून' रिकामं. 'कधीपासून' मध्ये मात्र तारीख— गेल्या महिन्यातल्या फुटबॉल सामन्याची.

"अरे, त्या सामन्यात मी गोल खाल्ला होता."

"हो. आणि चिखल झटकून, गुणगुणत परत उभी राहिलीस."

आता लाल व्हायची पाळी तिची. तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला, खाली दुसरी ओळ केली— चिमणी, लांबू— आणि आजची तारीख टाकली.

"जरा उशीर झाला," ती हळूच म्हणाली. "चाचणीला दारात उभा राहशील? रिकामा रकाना... गाऊन आले की भरते."