रक्षाचं साक्षगंध

"हात नको लावू त्या ताटाले!"

सासूने, रुख्माबाईंनी, हळदीकुंकवाचं ताट हर्षाच्या हातातून हिसकावलं आणि सेलूच्या दुकानामागच्या घरात नणंदेच्या साक्षगंधाला, साखरपुड्याला, जमलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या... "तुया पायगुणानं माया पोराले एक नाई, दोन-दोन कॅन्सर झाले! आता पोरीले तरी सोड."

एकतिसाव्या वर्षी हर्षाच्या नवऱ्याच्या, प्रफुलच्या, आतड्यात एक कॅन्सर, मूत्रपिंडात दुसरा, एकाच वेळी, आणि एकातून दुसरा पसरलेला नव्हे, दोघांची मुळं वेगळी... कोवळ्या वयात असं झालं की रोग पुष्कळदा घराण्याच्या रक्तातूनच आलेला असतो, भावंडांना तपासून घ्या, असं वर्ध्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा सासूने गुंगीतल्या प्रफुलच्या डोक्यावर हर्षाचा हात दाबून शपथ घातली होती. "माये दोन भाऊ पोटाच्याच रोगानं तिशीत गेले, हे कोणाले सांगशील तं याचं मेलेलं तोंड पाह्यशील! रक्षाचं लगन मोडते व!" त्या दिवसापासून सगळं बोलणं हर्षा मुकाट पोटात घालत आली होती.

तेवढ्यात नव्या शालूतल्या रक्षाने तिला स्वयंपाकघरात ओढलं. बावीस वर्षांची पोर, ओठ कोरडे पडलेले.

"वयनी, कोणाले सांगजो नको. महिना झाला, संडासात रक्त पडून राह्यलं. मूळव्याधच असन न?"

एकीकडे ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो धनी, दुसरीकडे ही वेडी, कोवळी पोर... देवा, कोणाला जपू आणि कोणाला सोडू!

ती धावत सासूकडे गेली. "आत्याबाई, शपथ सोडवा. रक्षाले बी रक्त पडून राह्यलं!"

"थोबाड बंद कर! पाहुणे ऐकतीन."

मग हर्षाने पाहुण्यांसमोरच सांगितलं, एका दमात, मामांच्या मरणापासून रक्षाच्या रक्तापर्यंत. रुख्माबाईंची चपराक गालावर बसली तरी ती थांबली नाही. नवऱ्या मुलाचे वडील, बापूराव, सरबताचा ग्लास तसाच ठेवून उठले.

"चला रे. सून न्यायले आलतो, रोग न्यायले नाई."

रक्षाच्या आतड्यातली गाठ लहान होती; वेळेत निघाली. प्रफुल मात्र चैत्रात एका पहाटे गेला... आणि त्याला नेल्यावर शेजारच्या मंदाबाई दारातूनच बोलल्या, "शपथ मोडली न हिनं, भोगली!"

पहाटेपासून हर्षाचं मनही तिला तेच म्हणत होतं.

कोपऱ्यातून रुख्माबाई उठल्या. "मंदे, तोंड सांभाळ! शपथ म्या घातलती. भावायचं दुखणं म्या झाकलं, म्हणून माया पोराचं उशिरा समजलं. एक लेकरू म्या घालवलं... एक हिनं राखलं."

मग त्या भिंतीशी बसलेल्या हर्षाजवळ येऊन उभ्या राहिल्या, हात पुढे होईना. "रडून घे व माय... माया खांद्यावर."

हर्षाला तो खांदा लगेच घेता आला नाही. पण ती जराशी सरकली, आणि सासूला भिंतीशी टेकायला जागा झाली.